निघून गेलेला वाचक तक्रार करत नाही

तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर वाचक जो वाद घालतात, तो वाचण्याचं आणि मार्गावर ठेवण्याचं काम मी करते. कोणता प्रतिसाद ठेवायचा, कोणता काढायचा, कोणाला समज द्यायची, चर्चा कधी वाचनमात्र करायची, हे माझे रोजचे निर्णय. वृत्तसंस्थांतले उपसंपादक, यूट्यूब वाहिन्या चालवणारे तरुण, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन अशा अनेकांच्या गळ्यात आता हेच काम पडलेलं आहे आणि बहुतेकांना ते कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते आधी सांगते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तिचा व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटर पेटल्या. वाचक घाबरलेले होते आणि ते स्वाभाविक होतं. कोणी नुकतीच गाडी बुक केली होती, कोणाची गाडी रात्रभर घराखाली चार्जिंगला असायची. आमच्याकडे चर्चा सुरू झाली तेव्हा बॅटरी पॅकच्या चाचणीचं काम करणाऱ्या एका इंजिनिअर बाईंनी तीत सविस्तर लिहिलं. लिथियम-आयन सेलमध्ये आत शॉर्ट सर्किट झालं की तापमान झपाट्याने चढतं, ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि साखळी सुरू होते. याला थर्मल रनअवे म्हणतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा लोह-फॉस्फेटचे सेल जास्त तापमान सोसतात. पण रसायन कोणतंही असो, सेलमध्ये अंतर किती ठेवलंय आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा तापमान किती ठिकाणी मोजते यावरही बरंच अवलंबून असतं. बातमीत नव्हतं ते सगळं या एका प्रतिसादात होतं.

पहिले काही वाचक चांगले प्रश्न विचारत होते. मग एकाने लिहिलं, "ताई, थिअरी छान आहे. मिस्टरांनी समजावली का?" दुसऱ्याने विचारलं, "कोणत्या कंपनीचं पाकीट आलं?" तिसऱ्याने कोट्यातून झालेल्या इंजिनिअरांबद्दल एक वाक्य टाकलं, कोणाचंही नाव न घेता. यात एकही शिवी नव्हती. आमच्या नियमावलीत शिवीगाळ, अश्लीलता आणि जाहिरातबाजी एवढ्याच गोष्टींना बंदी होती, त्यामुळे यंत्राच्या चाळणीतून सगळं सुखरूप पुढे गेलं. बाईंनी संयमाने उत्तरं दिली आणि मग त्या थांबल्या. चर्चा मात्र वाढत गेली. आकड्यांच्या हिशेबात ती त्या महिन्यातली सगळ्यात यशस्वी चर्चा ठरली.

पुढे मी त्यांना पत्र लिहून परत यायची विनंती केली. त्यांनी सौजन्याने आभार मानले आणि कळवलं, "हे मी कामाच्या ठिकाणी ऐकतेच. घरी आल्यावर पुन्हा कशाला ऐकू?" त्याच वर्षी सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचं मानक, एआयएस-१५६, कडक केलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि सुधारित मानकात सेल, पॅकची रचना, देखरेखीची यंत्रणा, एका सेलमधली आग पसरण्याची चाचणी, हे सगळं होतं. म्हणजे बाईंनी जे समजावलं होतं, तेच. पण मानकाची बातमी आली तेव्हा त्याचा अर्थ सांगू शकणारं आमच्या चर्चेत कोणी उरलं नव्हतं. गाडी घ्यावी की नाही हे ठरवू पाहणारा वाचक पुन्हा आरडाओरड्यातच सापडला.

ज्याचा प्रतिसाद काढला जातो तो तीन पत्रं लिहितो, मालकाला फोन करतो, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आठवण करून देतो. जो निघून जातो तो काहीच करत नाही. आपले कान सवयीने तक्रार करणाऱ्याकडे लागतात आणि निर्णयही त्याला सांभाळत होऊ लागतात. माझं सांगणं एवढंच आहे: या कामात निर्णय घेताना जो लिहू शकतो पण लिहायला कचरतो, त्याला समोर धरा.

उद्धटपणाने फक्त लिहिणाऱ्याचं मन दुखतं असंही नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांचा याबद्दलचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नॅनोसिल्व्हर या तंत्रज्ञानावरचा एकच मजकूर त्यांनी सगळ्यांना वाचायला दिला. काहींना त्याखाली सभ्य मतभेद दिसले, काहींना हमरीतुमरी. हमरीतुमरी वाचलेल्यांची त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याबद्दलची मतं आपापल्या टोकाकडे आणखी सरकली. मूळ मजकूर तोच होता. खालच्या भाषेने तो वाचण्याची नजर बदलली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ या १८७२ पासूनच्या मासिकाने या अभ्यासाचा दाखला देत आपल्या संकेतस्थळावरचे प्रतिसाद बंद करून टाकले. त्यांची अडचण मला समजते, पण तो मार्ग मला पटत नाही. दार बंद केलं की बॅटरी तपासणाऱ्या बाईही बाहेरच राहतात. दार उघडं ठेवून काय करता येतं, ते सांगते.

पहिली गोष्ट, नियम शब्दांवर लिहू नका, वागण्यावर लिहा. शब्दांची यादी करून चाळणी लावली की काय होतं याचं जुनं उदाहरण इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावाचं आहे. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेला त्या गावाच्या नावात अश्लील शब्द सापडला आणि तिथल्या रहिवाशांना खातं उघडता येईना. मराठीत अडचण याहून अवघड आहे. आपल्याकडे अर्धे लोक रोमन लिपीत मराठी लिहितात, एका शिवीची दहा स्पेलिंग होतात, आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा अपमान तर ‘अहो मॅडम’ म्हणत अत्यंत अदबीने केला जातो. म्हणून आमचा नियम आता असा आहे: मुद्द्याला हवं तितकं तिखट उत्तर द्या; लिहिणाऱ्याची जात, घर, बाईपण, शिक्षण, गाव काढू नका; पुराव्याशिवाय त्याला विकला गेलेला म्हणू नका. हा नियम यंत्राला लावता येत नाही, माणसालाच वाचावं लागतं. ‘द गार्डियन’ने २०१६ मध्ये आपल्याकडच्या सात कोटी प्रतिसादांची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक अपमान झेलणाऱ्या दहा लेखकांत आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. अपमान कोणाच्या वाट्याला येतो हे आपल्याकडेही मोजून पाहा.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला हजर राहा. चर्चेचा सूर पहिल्या काही प्रतिसादांत ठरतो, नंतर येणारे तोच धरतात. ‘अहो’ वरून गाडी ‘अरे-तुरे’ वर घसरली की समजावं, आता मुद्दा मागे पडतोय. त्या क्षणी काही काढायची गरज नसते, मध्ये बोलायची गरज असते. "तुम्ही सेलच्या तापमानाचा मुद्दा मांडला होता, त्याबद्दल अजून सांगाल का?" एवढं एक वाक्य जाणकाराला थांबवून ठेवतं आणि इतरांनाही कळतं की इथे कोणीतरी वाचतंय. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या एनआरकेबीटा या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०१७ मध्ये एक साधा प्रयोग केला. काही लेखांवर मत मांडण्याआधी त्याच लेखावरच्या तीन सोप्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. लेख वाचलाय याची खात्री होई आणि तावातावाने लिहिणाऱ्याला क्षणभर थांबावं लागे. तशी सोय नसेल तर भडकलेल्या वाचकाला एवढंच विचारा: बातमीतलं नेमकं कोणतं विधान तुम्हाला चुकीचं वाटतं? उत्तर देण्यासाठी त्याला बातमीकडे परत जावं लागतं.

तिसरी गोष्ट, मतभेद, चूक माहिती आणि चिथावणी यांना एकाच पारड्यात घालू नका. अँड्रॉइड बरा की आयफोन यात आपण पंच नाही. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, ५जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरताहेत अशी अफवा पसरली. दूरसंचार विभागाने जाहीर केलं की या दाव्याला आधार नाही आणि देशात ५जीच्या चाचण्या अजून सुरूही झालेल्या नाहीत. अशा वेळी दावा गुपचूप काढला की तो मांडणाऱ्याला वाटतं, सत्य दडपलं. त्यापेक्षा त्याच्या वरच्या बाजूला अधिकृत माहिती ठळक लावा आणि त्याला राहू द्या. तो दावा करणाऱ्यांतही घरात नुकताच मृत्यू झालेली माणसं होती, त्यांना झिडकारून काही साधलं नसतं. मात्र कोणी "टॉवर पेटवा" म्हणालं तर ते तात्काळ काढायचं.

ही रेघ कुठे मारायची हे मी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून शिकले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त लाइक केलं होतं. त्या संतापातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बंधन चिथावणीपाशी सुरू होतं, असा भेद त्या निकालात आहे. संपादकाचे नियम न्यायालयाइतके सैल नसतात, पण हा भेद मनात ठेवला की ‘माझ्या भावना दुखावल्या’ एवढ्याच तक्रारीवर आपण कात्री चालवत नाही. मात्र "अमुक कंपनी जाणूनबुजून खराब सेल वापरते" असं नाव घेऊन केलेलं विधान पुराव्याशिवाय ठेवू नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या कारखान्यातही राबणारी माणसं असतात.

चौथी गोष्ट, काढलंत तर कारण सांगा. एका ओळीत सांगा, पण नियमाचा क्रमांक देऊन सांगा. सगळ्या निर्णयांची वही ठेवा आणि तक्रार आली की ज्याने निर्णय घेतला त्याच्याऐवजी दुसऱ्याने ती पाहावी. अमेरिकेतल्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञान-बातम्यांच्या संकेतस्थळाने गेल्या शतकाच्या अखेरीसच वाचकांना प्रतिसादांना उणे एक ते पाच अशी श्रेणी देण्याचा अधिकार दिला. पुढे ती श्रेणी न्याय्य होती का हे तपासायचं कामही त्यांनी वाचकांनाच दिलं. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळाने मार्मिक, माहितीपूर्ण, भडकाऊ अशा श्रेण्यांची पद्धत रुजवली. निवाडा करणाऱ्याचाही निवाडा व्हावा, हे त्यामागचं तत्त्व छोट्या गटालाही पाळता येतं. आणि नियम आपल्या नेहमीच्या लाडक्या लेखकालाही लागू झाला पाहिजे. तिथे डोळेझाक झाली की नवखा वाचक ती सगळ्यात आधी ओळखतो.

पाचवी गोष्ट स्वतःची काळजी. दिवसभर माणसांचा राग वाचला की तो अंगात मुरतो. अमेरिकेतल्या फेसबुकच्या मजकूर-तपासनिसांच्या मानसिक त्रासाबद्दलच्या दाव्यात कंपनीने २०२० मध्ये ५.२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपला व्याप त्यांच्यापुढे किरकोळ आहे, तरी पाळी वाटून घ्या, रात्री झोपण्याआधी तक्रारी उघडू नका, आणि धमकी आली तर एकट्याने गिळू नका. थकलेला संपादक एकतर सगळं काढतो किंवा सगळं सोडून देतो.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: गेलेल्यांची नोंद ठेवा. आम्ही आता दर महिन्याला एक यादी काढतो. जे पूर्वी माहितीपूर्ण लिहायचे आणि आता लिहीत नाहीत, त्यांची. त्यांचा शेवटचा प्रतिसाद उघडून त्याखाली काय लिहिलं गेलं ते वाचतो आणि जिथे लाज वाटेल असं काही सापडतं तिथे त्या वाचकाला पत्र पाठवतो. सगळे परत येत नाहीत. काही येतात, आणि त्यांच्यामुळे इतर लिहू लागतात. प्रतिसादांची एकूण संख्या यातून वाढतेच असं नाही, त्यामुळे वरिष्ठांना ही यादी पटवून द्यावी लागते. पटवून द्या. स्मार्ट मीटर, आधार, मतदान यंत्रं, कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय आता तज्ज्ञांच्या खोलीत राहिलेले नाहीत, प्रत्येकाच्या घरात आले आहेत. त्यांच्याबद्दल खरं काय ते सांगू शकणारी माणसं आपल्याच वाचकांत आहेत: महावितरणचा तंत्रज्ञ, कारखान्यातली इंजिनिअर, तालुक्याच्या महाविद्यालयातला प्राध्यापक. त्यांना बोलतं ठेवणं हेच या कामाचं माप आहे. आजच तुमच्याकडची सगळ्यात गाजलेली चर्चा उघडा आणि तिच्यात सगळ्यात जास्त माहिती देणारा प्रतिसाद कोणाचा होता ते शोधा. तो वाचक अजून लिहितो का, ते पाहा. लिहीत नसेल तर त्याला आजच पत्र टाका.