रुपेरी खोकड

गोष्टींतील लबाड प्राण्यास आपण सरसकट ‘कोल्हा’ म्हणतो. परंतु रात्री कोल्हेकुई करणारा कोल्हा वेगळा आणि इंग्रजीत ज्यास ‘फॉक्स’ म्हणतात तो वेगळा. त्या कुळातील आपल्याकडचा प्राणी म्हणजे माळावरचे खोकड. येथे आम्ही लिहीत आहोत ते त्याच्या थंड मुलखातील भाऊबंदाविषयी, तांबड्या खोकडाविषयी.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतील दाट, मऊ लव ऊब राखते. बाहेरील लांब केस पावसाबर्फापासून रक्षण करतात आणि रंगही दाखवितात. या केसांत काळे व तांबूस अशी दोन रंगद्रव्ये असतात. आनुवंशिक फरकाने तांबूस द्रव्य मागे पडले की पिल्लू काळे निपजते. त्या काळ्या केसांच्या टोकांजवळ पांढरा पट्टा असला की सारे अंग रुपेरी दिसते. मौज अशी की, रुपेरी खोकड ही निराळी जात नव्हे. रानात एकाच वेतात तांबडी व रुपेरी पिल्ले सापडतात. ध्रुवप्रदेशातील पांढरे खोकड मात्र खरोखरच निराळे.

रुपेरी रंग दुर्मीळ, म्हणून त्याचे मोल. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर चार्ल्स डाल्टन व रॉबर्ट औल्टन यांनी १८९० नंतरच्या दशकात अशी खोकडे कुंपणात वाढवून त्यांची वीण साधली. ही विद्या त्यांनी मोजक्या शेजाऱ्यांपुरतीच राखली. १९१० साली लंडनच्या लिलावात डाल्टनच्या २५ कातड्यांस सरासरी १,३०० डॉलरांहून अधिक भाव आला. मग गुपित कसले राहते! जिवंत जोड्या विकल्या जाऊ लागल्या आणि हा धंदा देशोदेशी पसरला.

लांब केसांमुळे हे कातडे कोटाच्या कॉलरीस व बाह्यांच्या कडांस विशेष शोभते. १९३० च्या सुमारास तर डोके, पंजे व शेपटी यांसह अखंड कातडे खांद्यांवर घेण्याची चाल होती. ती छायाचित्रे पाहून आम्हांस कौतुकापेक्षा संकोचच अधिक वाटतो. पुढे रुपेरी कातडी भाराभर निघू लागली, चाल बदलली आणि भाव कोसळले. पिंजऱ्यातील प्राण्यांच्या हालांकडेही लोकांचे लक्ष गेले. इंग्लंड व वेल्स येथे अशा पैदाशीवर बंदी घालणारा कायदा २००० साली झाला.

१९५९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ द्मित्री बेल्यायेव यांनी सायबेरियात पैदासकेंद्रांतील रुपेरी खोकडे घेऊन, त्यांतील सर्वांत माणसाळू तेवढीच निवडून वाढविण्यास आरंभ केला. काही पिढ्यांतच शेपटी हलवीत माणसाकडे धावणारी पिल्ले जन्मली. त्यांतील काहींच्या कपाळावर पांढरा ठिपका होता.