यात्रेची आखणी : तिथी, क्रम आणि घरचे माणूस

यात्रेस निघावे कसे, आधी कोठे जावे, किती दिवस लागतात, असे प्रश्न पुष्कळ मंडळी विचारतात. हल्ली तीन दिवसांत आठ-दहा क्षेत्रे दाखवून आणणाऱ्या गाड्याही निघतात. माणसे जातात, येतात, आणि घरी आल्यावर विचारले तर कोठे काय पाहिले हे धड सांगता येत नाही. देवळे पाहिली, पण दर्शन राहून गेले, असे होते. म्हणून या पाठात संतांच्या समाधिस्थानांची यात्रा कशी आखावी, याचा विचार करू.

पहिली गोष्ट तिथीची. आपल्या संप्रदायात वर्षाची आखणी संतांनीच करून ठेवली आहे. ती नीट पाहिली म्हणजे निम्मे काम झाले. कार्तिक शुद्ध एकादशीस पंढरपूर. तेथून पंधरवड्यात कार्तिक वद्य एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत आळंदी, कारण शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, याच त्रयोदशीस माउलींनी समाधी घेतली. पुढच्या महिन्यात मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस कऱ्हाकाठी सासवडला सोपानकाकांचा सोहळा. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. माघ शुद्ध एकादशीस पुन्हा पंढरपूर. फाल्गुन वद्य द्वितीयेस देहूची बीज, आणि चारच दिवसांनी पैठणची नाथषष्ठी. चैत्र शुद्ध एकादशीस पंढरपूरची चैत्री वारी, वद्य त्रयोदशीस तेरला गोरोबाकाका. वैशाख वद्यात तापीकाठी मुक्ताई. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून पालख्या निघतात, त्या आषाढीला पंढरीत पोचतात. आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवराय, चतुर्दशीस अरणला सावतोबा. असे हे चक्र आहे.

हे सगळे एका वर्षात करावे असे कोणी सांगितलेले नाही. आमचे म्हणणे असे की, वारी आपल्या नेमाने चालू ठेवावी आणि तिच्या जोडीला वर्षाला एकच समाधिस्थान धरावे. यंदा सासवड, तर वर्षभर सोपानदेवांचे अभंग वाचावे, त्यांचे चरित्र कीर्तनात ऐकावे, आणि मग जावे. दहा वर्षांत दहा स्थाने होतात आणि दहाही मनात राहतात.

तिथीच्या बाबतीत एक सावधगिरी. मागच्या वर्षीची इंग्रजी तारीख धरून रजा मागू नये. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला, आणि 2025 साली 6 जुलैला. अधिक मास आला की पुढचे सगळे सरकते. पंचांग पाहावे. एकादशी दोन दिवस दाखवली असेल तर वारकरी भागवत एकादशी धरतात, हेही ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट क्रमाची. पंढरीत गेल्यावर थेट दर्शनबारीत उभे राहण्याची घाई नको. आधी चंद्रभागा, मग पुंडलीक, मग महाद्वार. नामदेव पायरीशी थांबावे, समोर चोखोबांच्या समाधीला हात जोडावे, आणि मग राउळात जावे. या क्रमात अर्थ आहे. विठोबाला विटेवर उभे केले पुंडलिकाने, म्हणून मान त्याचा पहिला. नामदेवराय पायरीशी राहिले, ते संतांची पायधूळ लागावी म्हणून. आणि चोखोबा? मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत पडून ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी आणून महाद्वारापुढे ठेवल्या. जिवंतपणी ज्यांना आत जाता आले नाही, त्यांची समाधी आज प्रत्येकाला आत जाण्याआधी दिसते. हे दार सर्वांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरीतच उपोषण करावे लागले. तेव्हा त्या समाधीपुढून मान वळवून पुढे जाऊ नये.

पैठणला जाणाऱ्याने गावातला नाथांचा वाडा आणि गोदाकाठची समाधी, दोन्ही पाहावी. वेळ असेल तर आपेगाव करावे. त्याच प्रवासात नेवासे जमले तर फारच उत्तम. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी जेथे सांगितली तो पैसाचा खांब तेथे आहे. ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय तेथे बसून वाचला, तर बाकी काही पाहिले नाही तरी चालेल.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते ही मुख्य. यात्रा ठरवताना आधी गाडी पाहू नका, आधी घरातले माणूस पाहा. घरात ऐंशीची आई असते. तिला एकदा पांडुरंग पाहायचा असतो. मुलगा म्हणतो, आषाढीलाच नेऊ, पुण्य जास्त. मग त्या माउलीला तासन्‌ तास बारीत उभे करायचे, तिला चक्कर आली की सगळेच घाबरे. किंवा उलट होते. ‘तुला झेपायचं नाही’ म्हणून तिला शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून घरची सगळी मंडळी निघतात. बाबांनो, देव विटेवर का उभा आहे? पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता आणि त्याने देवाला थांबायला सांगितले, म्हणून. ज्या क्षेत्राचा उगमच मातापित्यांच्या सेवेत आहे, तेथे आईला टाकून गेलेल्याने पुंडलिकापुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे?

म्हणून अशा माणसाला एकादशी सोडून साध्या दिवशी न्यावे. तीन दिवस, दोन मुक्काम ठेवावे. पहिल्या दिवशी पोचून विश्रांती, संध्याकाळी कळसाचे दर्शन आणि नामदेव पायरी. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा आणि राउळ, दुपारी झोप, रात्री कीर्तन. तिसऱ्या दिवशी जमल्यास गोपाळपूर. पददर्शनाची बारी लांब असेल तर मुखदर्शन घ्यावे. ते कमी प्रतीचे समजू नये. वारीत लाखो वारकरी कळसालाच हात जोडून परततात, त्यांची वारी काय वाया जाते? निघण्यापूर्वी चौकशीही करावी. 2024 साली मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत गाभाऱ्याच्या कामामुळे पददर्शन बंद होते. ठाऊक नसलेली मंडळी हिरमुसली.

देहाची काळजी घेणे हा नेमाचा भंग नव्हे. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्याने एकादशीस औषध चुकवू नये, फराळ वैद्याला विचारून करावा. औषधांची पिशवी आणि घरचा पत्ता लिहिलेला कागद प्रत्येक वृद्धाच्या अंगावर असावा. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडले की चंद्रभागा एकाएकी चढते, विष्णुपदही पाण्यात जाते. अशा वेळी काठावर तांब्याने अंगावर पाणी घ्यावे, तेही स्नानच. आणि स्नान झाल्यावर जुनी वस्त्रे, निर्माल्य, प्लॅस्टिक नदीत सोडू नये. जिला आई म्हणायचे, तिच्याच अंगावर घाण टाकायची, हे कसले तीर्थ?

चौथी गोष्ट खर्चाची. ऋण काढून यात्रा करू नये. आपला संप्रदाय मुळात पायी चालणाऱ्यांचा, भाकरी बांधून घेऊन निघणाऱ्यांचा. पैसा नसेल तर गावच्या दिंडीत जावे. मृगाचा पाऊस लांबला, पेरणी राहिली आणि पालखी निघाली, अशी अडचण शेतकऱ्याला येतेच. त्याने घरात विचार करावा. एकाने पेरणी करावी, एकाने वारी. दोन्ही कामे एकाच देवाची. सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला, ही गोष्ट अशा माणसासाठीच सांगितलेली आहे.

शेवटी, परत आल्यावर काय? प्रसाद वाटावा, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याजवळ बसून पाहिलेले सांगावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पंढरी दिसते ती आपल्या सांगण्यातूनच. त्याच्यासाठी दोन गोष्टी नीट लक्षात ठेवून आणल्या, तर त्याचीही यात्रा घडते, आणि आपली पुरी होते.

पुढील एकादशीपूर्वी प्रत्येकाने घरात बसून एवढे ठरवावे : यंदा कोणते एक स्थान, कोणती तिथी, आणि कोणाचा हात धरून.

रामकृष्णहरि.