गेमला आणि गाण्याला एकच हेडफोन

भाच्याची दहावी झाली आणि त्याला हेडफोन हवा झाला. बजेट तीन हजार. रात्री मित्रांबरोबर बीजीएमआय, एरवी गाणी. त्याने मनात धरलेला नग लाल-निळे दिवे लुकलुकणारा होता, खोक्यावर ‘७.१’ मोठ्ठं छापलेलं. तो मी घेऊ दिला नाही. मग काय केलं, ते क्रमाने सांगतो.

आधी हेडफोन जोडणार कशाला, ते बघा. फोनला ३.५ मिलिमीटरचं गोल भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल. त्याचे पैसे बजेटमधून आत्ताच वजा करा. पीसीला बहुधा दोन भोकं असतात, हिरवं आवाजाचं आणि गुलाबी माईकचं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मात्र एकच.

आता पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे नुसता स्टिरिओ आवाज. तीन रेघा म्हणजे माईकही त्याच पिनेत. तीन रेघांची पिन पीसीच्या हिरव्या भोकात घातली की ऐकू सगळं येतं, पण तुमचं बोलणं कुणालाच जात नाही, आणि माणूस हेडफोन खराब निघाला म्हणून दुकानाकडे धावतो. शे-दीडशे रुपयांचा स्प्लिटर घ्या, काम होतं.

वायरचा की बिनवायरचा? या बजेटात वायरचाच. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा पाचवा भाग मागे राहू शकतो. गाणं ऐकताना ते कळतसुद्धा नाही. गेममध्ये मात्र पावलं ऐकू येईपर्यंत समोरचा दारात पोचलेला असतो. शिवाय ब्लूटूथ हेडफोनचाच माईक चालू केला की बहुतेक वेळा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो, कारण जोडणी संगीताची सोडून संभाषणाची होते. डाँगलवाले २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट हा उशीर टाळतात, पण स्वस्तातल्या नगात रेडिओ आणि बॅटरीवर पैसे गेल्यावर स्पीकरसाठी काय उरणार?

‘७.१’चं गौडबंगालही इथेच निकालात काढा. कान दोन, आणि अशा बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकरही दोनच. बाकीचा आभास सॉफ्टवेअर करतं. विंडोज १० आणि ११मध्ये ‘विंडोज सॉनिक’ फुकट मिळतं. गाणी ऐकताना ते बंद ठेवा, नाहीतर गायक न्हाणीघरात उभा राहून गातोय असं वाटतं.

आता दुकान. आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातील. मागून उघड्या जाळीचे हेडफोन ऐकायला ऐसपैस असतात, पण आवाज बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो. पंखा, मिक्सर, खाली चाललेली वरात असं घर असेल तर बंद पाठीचाच घ्या. इम्पीडन्स ३२ ओहमच्या आसपास असला की फोनवर पुरेसा आवाज मिळतो. अडीचशे ओहमवाल्याला वेगळा अॅम्प लागतो.

मग डोक्याला लावून बघा, आणि दहा मिनिटं काढू नका. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. चष्मा असेल तर चष्म्यासकट. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि बास तिथून पळतो. भाच्याने आधी चष्मा काढून ऐकलं आणि खूश झाला, चष्मा चढवल्यावर म्हणाला, “मामा, ह्याच्यातला ढोल गेला!” तो नग तिथेच परत ठेवला.

ऐकायची परीक्षा तुमच्या ओळखीच्या आवाजांवर घ्या. आम्ही एक लावणी लावली: ढोलकीच्या शाईवरचा कडक बोल आणि दुसऱ्या पुडीचा घुमारा वेगवेगळे कळायला हवेत. त्यानंतर ‘सैराट’मधलं एक गाणं. त्याचा वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलाय; व्हायोलिनं गायकाच्या अंगावर कोसळत असतील तर हेडफोन नापास. शेवटी गेमच्या सरावाच्या मैदानात मित्राला भोवती पळायला सांगा आणि डोळे मिटून बोट दाखवा. ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हेडफोनांत धमाक्यासाठी बास फुगवलेला असतो. त्याखाली पावलंही बुडतात आणि गाण्याचे शब्दही. माझ्या मते हीच या खरेदीतली मुख्य परीक्षा.

आम्ही शेवटी माईक नसलेला, गाण्यासाठीचा साधा काळा हेडफोन घेतला आणि उरलेल्या पैशांत कॉलरला लावायचा क्लिप-माईक. घरी आल्यावर पीसीवर ‘इक्वलायझर एपीओ’ हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बास दोन-तीन डेसिबल उतरवला, एवढंच.

निघताना दोन गोष्टी विचारा: वायर सुटी होते का, आणि गाद्या वेगळ्या मिळतात का. खुर्चीच्या चाकाखाली आधी वायरच जाते आणि घामाने रेक्झिनचे पोपडे निघतात. बिल पक्कं घ्या आणि दुकानातच त्याचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वॉरंटी संपायच्या आत उडून जाते.