चंद्राची काळवंडलेली माती

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. नवे पितळ सोन्यासारखे झळकते. पण हवेत उघडे राहिले, की हळूहळू काळवंडते. चंद्रावर तर हवाच नाही. मग तेथील माती का बरे काळवंडते?

हवेचे पांघरूण नसल्याने चंद्राला दुहेरी मारा सोसावा लागतो. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण त्याच्यावर अखंड आदळतात आणि अवकाशातील धूलिकण प्रचंड वेगाने थडकतात. त्या आघातांनी खडकाचा काही अंश वाफ होऊन उडतो. त्यातून सुटलेल्या लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा पातळ लेप मातीवर बसतो. तो प्रकाश शोषून घेतो. त्यातही निळा अधिक. म्हणून जुनी माती काळसर व किंचित तांबूस दिसते. १९६९ साली अपोलो ११ यानाने आणलेल्या मातीमुळे शास्त्रज्ञांना तिची प्रत्यक्ष परीक्षा करता आली.

टायको विवर सुमारे ११ कोटी वर्षांचे, म्हणजे चंद्राच्या मानाने तरुण. त्यातून उडालेल्या मातीवर अद्याप पुरता लेप बसलेला नाही. म्हणूनच त्याचे शुभ्र पट्टे पौर्णिमेस साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. केवळ वरच्या रंगावरून खडकाची पारख करणारा फसतो. लेप ओळखणाऱ्याला मात्र तोच रंग भूमीच्या वयाचा अंदाज देतो.

स्वाध्याय : पितळ व चंद्रावरील माती यांच्या काळवंडण्याची कारणे कशी भिन्न आहेत, ते सांगा.