नजर मोजणारं यंत्र आणि मुलाची प्रगती

‘डॉक्टर, मुलाला सोशल स्किल्सच्या वर्गाला घातलंय. फरक पडला की नाही, हे नजर टिपणाऱ्या यंत्रावर कळेल का?’ स्वमग्न मुलांचे आईवडील हल्ली असं विचारू लागले आहेत.

त्यांचा प्रश्न रास्त आहे. अशा वर्गांचा उपयोग बहुतेक वेळा पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. ज्यांनी पैसे मोजले, रजा टाकून मुलाची ने-आण केली, त्यांना थोडा फरक दिसणारच! यंत्राला अशी आशा नसते. पडद्याखालच्या दिव्यांतून डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश पडतो आणि कॅमेरा डोळा टिपतो. त्या प्रकाशाचा चमकणारा ठिपका आणि बाहुली यांच्या जागेवरून, व्हिडिओ बघताना मूल चेहऱ्याकडे बघतंय की मागच्या पंख्याकडे, याची सेकंदाला कित्येक वेळा नोंद होते.

पण या नोंदीचा अर्थ लावणं सोपं नाही. येल विद्यापीठात अमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांना एलिझाबेथ टेलरच्या एका सिनेमातले प्रसंग दाखवले. २००२ साली निष्कर्ष छापून आले. हे तरुण पात्रांच्या डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघत होते, हे अपेक्षितच. गंमत पुढे आहे. त्यांच्यातले जे तोंडाकडे जास्त बघत, त्यांचं लोकांत वागणं तुलनेनं बरं होतं. वस्तूंकडे जास्त बघणाऱ्यांचं मात्र उलट. म्हणजे ‘डोळ्यांकडे जास्त बघितलं की सुधारणा’ हे गणित इतकं सरळ नाही.

म्हणून घरी ‘माझ्याकडे बघून बोल’ असा धोशा लावू नका. डोळ्यांत बघण्याचा आपल्याला त्रास होतो, असं अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. संशोधनात मुलांच्या गटांची तुलना करायला हे यंत्र कामाचं आहे. तुमच्या एकट्या मुलाच्या वर्गाचा निकाल त्यावरून लावू नका, त्यासाठी वेगळा खर्च तर नकोच.

त्यापेक्षा वही ठेवा. सोसायटीत पोरं खेळत असताना ‘मलापण घ्या’ म्हणाला का? समोरचा कंटाळलाय हे ओळखून लोकलच्या वेळापत्रकाचा विषय आवरता घेतला का? हेच शाळेतल्या बाईंनाही विचारा. शक्यतो अशा बाईंना, ज्यांना सोशल स्किल्सच्या वर्गाबद्दल माहीत नाही.

संशोधनासाठी चाचणी होणारच असेल, तर चष्मा किंवा तिरळेपणा असल्यास आधी सांगा. त्यामुळे नोंद चुकू शकते.