लायब्ररी बाहेरच राहू दे

चि. मुक्ता हिस,


परकी लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटात घ्यावी की बाहेर ठेवून चालवताना जोडावी, असं तू विचारलं आहेस. पोटात घेणं, म्हणजे स्टॅटिक लिंकिंग, सुटसुटीत वाटतं: एकच फाइल, कुठेही न्या, चालते. तरी माझा कौल बाहेर राहणाऱ्या, म्हणजे शेअर्ड लायब्ररीलाच. त्यात डिस्कची जागा वाचते हा मुद्दा आता जुना झाला. खरा मुद्दा असा की दुसऱ्याचा कोड घेतला की त्यातल्या उद्या सापडणाऱ्या चुकाही आपल्याकडे येतात, आणि त्या दुरुस्त कोण करू शकेल हे लिंक करतानाच ठरून जातं.

हार्टब्लीड घे. ओपनएसएसएल या लायब्ररीतली ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. हार्टबीटच्या निरोपात समोरच्याने सांगितलेली लांबी तपासलीच जात नव्हती, त्यामुळे एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर जाऊ शकत होता. त्यात खासगी किल्ल्याही सापडू शकत. जिथे ओपनएसएसएल शेअर्ड होती तिथे डेबियन किंवा रेड हॅटचं दुरुस्त पॅकेज बसवलं आणि सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम एकदम सुधारले. (रीस्टार्ट विसरायचं नाही. चालू प्रोसेस जुनीच फाइल धरून बसते.) ज्यांनी ती पोटात घेतली होती त्यांच्या ग्राहकांना मात्र नव्या बिल्डची वाट पाहणं भाग होतं, आणि बिल्ड करणाऱ्यालाही आधी आपल्या पोटात कोणती आवृत्ती आहे हे शोधावं लागत होतं.

यावर तू म्हणशील, लायब्ररी परस्पर बदलली आणि प्रोग्रॅम मोडला तर? भीती खरी आहे. विंडोजवर डीएलएलच्या गोंधळाने एक पिढी हैराण झाली होती. पण लिनक्सवर त्यासाठीच सोनेम आहे. लिंकर तुझ्या प्रोग्रॅममध्ये लायब्ररीचं मुख्य आवृत्तीसकट नाव लिहून ठेवतो आणि लोडर तेच नाव शोधतो. जुन्या प्रोग्रॅमना न मानवणारा बदल झाला की लायब्ररीच्या कर्त्याने हे नाव बदलायचं असतं. ओपनएसएसएल १.१ वर बांधलेला प्रोग्रॅम म्हणूनच ३ शी गुपचूप जोडला जात नाही. मशीनवर १.१ नसेल तर तो सुरूच होत नाही, आणि ते बरंच आहे. जे कर्ते ही शिस्त पाळत नाहीत त्यांची लायब्ररी मुळात घेऊच नये.

याहून जड आक्षेप एक्सझेडचा. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसलं आणि त्याचा माग काढताना एक्सझेडमधल्या लिबएलझेडएमए या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार सापडलं. गंमत अशी की ओपनएसएसएच ही लायब्ररी मागतच नाही. काही डिस्ट्रोंनी सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडीला द्यायला लिबसिस्टमडी जोडली होती, आणि तिच्या पाठोपाठ ही आत आली. लोड होतानाच लायब्ररीचा कोड प्रोसेसमध्ये चालू शकतो. तिचं फंक्शन कोणी बोलवावंच लागतं असं नाही. पण तो कोड पोटात घेतला असता तर चोरदारही पोटात आलं असतं, आणि पुढे काढायला जास्त जड गेलं असतं. चूक शेअर्ड असण्यात नव्हती, एका छोट्या निरोपासाठी अख्खी लायब्ररी आणण्यात होती. पुढे ओपनएसएसएचने त्या वर्दीपुरता कोड स्वतः लिहिला.

तेव्हा लायब्ररी जोडण्याआधी रीडएल्फने तिच्या थेट मागण्या बघ, मग एलडीडीने त्यांच्यामागून येणारी वरात. एलडीडी अनोळखी फाइलवर चालवू नकोस, काही वेळा ती त्या फाइलमधला कोडच चालवते. ग्राहकाच्या मशीनवर हवी ती आवृत्ती नसेल तर लायब्ररी सोबत द्यावी लागेल; तेव्हाही ती वेगळी फाइल म्हणून आपल्याच फोल्डरात ठेव आणि तिथला रस्ता रनपाथमध्ये लिही. मात्र त्या प्रतीपुरती डिस्ट्रो तुझ्या मदतीला येणार नाही. त्या लायब्ररीच्या सुरक्षा सूचना वाचायचं काम रिलीजच्या यादीत कोणाच्या तरी नावावर टाक, आणि ते नाव मला कळव.

तुझा,
मामा