काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी रंगीत फिल्टर: काय करावे, काय टाळावे

फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. १९२७ मध्ये योसेमिटीत हाफ डोमचा कडा टिपताना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने आधी पिवळा फिल्टर लावला. मनातले आकाश त्याने मिळेना, म्हणून उरलेल्या प्लेटसाठी गडद लाल लावला आणि आकाश जवळजवळ काळे झाले. डिजिटलमध्येही गणित तेच आहे, फक्त फिल्टर लावायची जागा बदलली.

काय करावे

• फोटो रॉमध्येच काढा आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन मोनोक्रोमवर ठेवा. डोळ्यांना करड्या छटा दिसतात, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. लाल, पिवळा, हिरवा फिल्टर नंतर रंगांच्या स्लायडरने लावता येतो.

• आधी रंग पाहा. पावसाळा सरताना सह्याद्रीत हिरवे गवत आणि भिजलेला कातळ साध्या करड्यात एकमेकांत मिसळतात. गवत उजळायला हिरव्याइतकाच पिवळा स्लायडरही वर न्या. गवताच्या हिरव्यात पिवळा भरपूर असतो.

• माणसांच्या फोटोत कपाळ आणि ओठ आधी बघा. आजीच्या एका फोटोला मी लाल फिल्टरचा परिणाम दिला. सुरकुत्या मऊ झाल्या, चेहरा उजळला, पण कपाळावरचे ठसठशीत कुंकू त्वचेत विरून गेले. ती आजी वाटेचना! हिरव्याकडे वळलो तेव्हा कुंकू परत आले, सुरकुत्याही आल्या. मला तोच फोटो आवडतो.

• सेन्सरच मोनोक्रोम असेल (२०१२ चा लायका एम मोनोक्रोम, २०२३ चा पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम), तर काचेचे फिल्टर जरूर घ्या. तिथे रंगाची नोंदच होत नाही, त्यामुळे नंतर स्लायडर कामाला येत नाहीत. सुरुवात पिवळ्याने करा. साधारण एकच स्टॉप प्रकाश जातो.

काय टाळावे

• नेहमीच्या रंगीत सेन्सरवर काचेचा लाल फिल्टर नको. दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. लाल काचेतून पुरेसा प्रकाश त्या एकालाच मिळतो, बाकीचे जवळपास उपाशी राहतात. बारकावे जातात, नॉइज वाढतो, शिवाय सुमारे तीन स्टॉप प्रकाश गमावतो.

• भरून आलेल्या आभाळावर लाल फिल्टर वाया जातो. निळेच नाही, तर गडद काय होणार?

• फक्त काळ्या-पांढऱ्या जेपेगवर विसंबू नका. त्यातून रंग परत मिळत नाहीत.

• निळा स्लायडर तळाला नेऊ नका. आकाशात दाणे आणि पट्टे उमटतात, किल्ल्याच्या फोटोत तटबंदीच्या कडेने पांढरी रेघ दिसू लागते. शंभर टक्के झूम करून बुरुजाची कड तपासा. रेघ दिसली की ती जाईपर्यंत स्लायडर मागे घ्या.